फलाटकाकांचे दात आणि वहिनींचा सर्व्हर

ज्या संस्थेत मी उच्चार-तपासनीस म्हणून आयुष्याचा बरा काळ घालवला, तिच्याविषयी माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुतेक मी रीतसर लेखी दिलेल्या आहेत. आम्ही दृष्टिहीन श्रोत्यांसाठी बोलकी पुस्तके तयार करतो. चांगल्या आवाजाचा कोणी माणूस बंद खोलीत बसून पुस्तक मोठ्याने वाचतो, ध्वनिमुद्रक ते टिपून घेतो, आणि मग मी ते शब्द न् शब्द ऐकून जिथे 'श'चा 'स' झाला किंवा एखादा स्वल्पविराम गिळला गेला तिथे बोट ठेवतो. या कामासाठी मला मिळालेली खुर्ची डुगडुगते आणि पंखा कण्हतो. यंत्रांना मात्र स्वतंत्र वातानुकूलित खोली आहे. माणसापेक्षा यंत्राची बडदास्त अधिक का, असे मी संचालकसाहेबांना एकदा विचारले होते. यंत्र तापले तर बंद पडते, असे त्यांनी उत्तर दिले. मी तापतो हे त्यांनी अनेकदा पाहिले आहे. त्याने काहीच बंद पडत नाही, हेही त्यांनी पाहिले आहे.

पण आज लिहायचे आहे ते त्या थंड खोलीत बसणाऱ्या बाईंविषयी, आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

त्यांना सगळे वहिनी म्हणतात. आमचा ध्वनिमुद्रक हा त्यांचा सख्खा धाकटा दीर. त्यानेच त्यांना इथे आणले आणि पहिल्या दिवशी सर्वांदेखत "वहिनी, इकडे बसा" म्हणाला. ते नाते संस्थेने जसेच्या तसे उचलले. वयाने बरेच वडील असलेले संचालकसाहेबही त्यांना वहिनीच म्हणतात. हजेरीपटावर त्यांचे काही वेगळे नाव आहे, असे मी ऐकून आहे.

त्या आल्या टंकलेखनासाठी. पुढे संस्थेने सर्व्हर घेतला. ज्या गृहस्थाला तो चालवण्याचे शिक्षण दिले, तो शिकून होताच अन्यत्र निघून गेला, आणि उरलेल्यांनी कानांवर हात ठेवले. वहिनींना त्या खोलीचे आकर्षण एवढेच, की ऐन उन्हाळ्यात तिथे गारवा असे. जेवणाच्या सुट्टीत त्या आत जाऊन बसत आणि रिकामे बसवत नाही म्हणून यंत्राबरोबर आलेले जाडजूड माहितीपुस्तक, मांडीवर शब्दकोश घेऊन, वाचू लागल्या. पुस्तक वाचून संपले तोवर यंत्र त्यांच्या गळ्यात पडले होते. आता भर उन्हाळ्यात त्या स्वेटर, लोकरी मोजे आणि कानटोपी अशा थाटात वावरतात. बाहेरून आलेला पाहुणा त्यांना पाहून आपल्याच कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघतो.

त्यांच्या घरी नवरा, हा दीर आणि सासूबाई. नवरा बेकरीत कामाला. पहाटे जातो, दुपारी परततो आणि संध्याकाळचा स्वयंपाक तोच करतो. सासूबाईंची दृष्टी बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. त्या आमच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत तिखट श्रोत्या. माझ्या नजरेतून, म्हणजे कानांतून, सुटलेली चूक त्यांनी पकडली की मुलाच्या हाती निरोप येतो: "तुझ्या त्या तपासनीसांना म्हणावं, कानात कापूस घालून बसता का?" त्यांचे बोलणे मला लागते. ते खरे असते, म्हणून अधिकच लागते.

सर्व्हर म्हणजे काय, हे मला वहिनींनीच समजावले, आणि ज्या तज्ज्ञांनी त्यापूर्वी समजावण्याचा प्रयत्न केला होता त्यांच्याविषयी मी येथे काही लिहीत नाही. एक इमारत आहे, आत अनेक बिऱ्हाडे आहेत. हिशेबाचे एक, पुस्तकांच्या सूचीचे एक, ध्वनिमुद्रणाचे एक. प्रत्येकाला वाटते की अख्खे घर आपलेच आहे. प्रत्यक्षात पाणी एका टाकीतून येते आणि सामान एकाच तळघरात जाते. ते तळघर म्हणजे इमारतीतल्या डिस्का. वहिनी घरमालकीण. "हिशेबाचं बिऱ्हाड गरीब गाय आहे," त्या म्हणतात, "सूचीचं तर दिवसभर झोपलेलं असतं. पण हे आमच्या भावोजींचं बिऱ्हाड आहे ना, ते रोज नवं सामान आणतं आणि जुनं काढायचं नाव घेत नाही."

त्यात भावोजींचा दोष नव्हता. दोष संचालकसाहेबांच्या दंडकाचा होता. आमच्या एका वाचक बाईंचे निधन झाल्यावर त्यांची मुले आली होती. आईने वाचलेली पुस्तके त्यांच्याकडे होतीच; वाचताना मध्येच आई हसली असेल, ते हसू त्यांना हवे होते. आम्ही चुकलेले वाचन पुसून टाकत असू, त्यामुळे ते नव्हते. मुले निघून गेल्यावर साहेबांनी फर्मान काढले की यापुढे संस्थेत आवाज पुसायचा नाही. हेतू उदात्त होता, हे मी मान्य करतो. परिणाम असा झाला की खोकले, शिंका, पाने उलटल्याचे आवाज आणि "थांब रे, माझा चष्मा कुठे गेला" ही वाक्ये आमच्या तळघरात पुस्तकांपेक्षा जास्त झाली.

एवढ्यावर भागले नाही. प्रत्येक नवे पुस्तक सुरू करण्याआधी ध्वनिमुद्रणाच्या बिऱ्हाडाची आहे त्या स्थितीतली प्रतिमा घेऊन ठेवायची, म्हणजे काही बिघडले तर मागे जाता येईल, असाही साहेबांचा आदेश होता. यंत्रवाले याला स्नॅपशॉट म्हणतात. वहिनी म्हणत मोहोरबंद खोकी. ही खोकी चार दिवसांसाठी असतात, काम नीट झाले की त्यांतले सामान पुन्हा मूळ जागी लावून खोके मोडायचे असते, हे त्यांनी साहेबांना अनेकदा सांगितले. साहेबांनी मान हलवली आणि खोकी राहिली.

तळघर भरत आल्याचे वहिनींनी वेळेवर कळवले होते. मीही त्याला जोडून एक तक्रार दिली होती, कारण जागा संपत आली की यंत्र मंदावते आणि माझे ऐकण्याचे काम रखडते. अखेर नव्या डिस्का आल्या. आल्या आणि साहेबांच्या कपाटात जाऊन बसल्या. संस्थेचे अध्यक्ष परगावी होते. ते परतल्यावर त्यांच्या हस्ते डिस्कांची खोकी उघडायची आणि छायाचित्र काढायचे, असा बेत होता. तहानलेल्या माणसासमोर पाण्याचा माठ ठेवावा आणि त्याचे उद्घाटन व्हायचे आहे म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार. हे वाक्य मी तेव्हा लेखी दिले नाही, याचा मला खेद आहे.

आता फलाटकाका. हे निवृत्त उद्घोषक. उभी हयात बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात गेली, म्हणून हे नाव. त्यांचा आवाज असा, की त्यांनी "नमस्कार" म्हटले तरी माणसाला आपली पिशवी उचलून पळावेसे वाटते. पण पुस्तक हाती घेतले की तोच आवाज मऊ होतो आणि वळणे घेऊ लागतो. त्या वर्षी ते एका दीपगृहाची राखण करणाऱ्या घराण्याच्या चार पिढ्यांची भलीमोठी कादंबरी वाचत होते. तयार झालेली प्रकरणे आठवड्याला एक अशी श्रोत्यांकडे जात होती. कादंबरीतल्या धाकट्या भावाने दिवा मुद्दाम विझवला की तो आपोआप विझला, यावर श्रोत्यांमध्ये तट पडले होते, आणि वहिनींच्या घरी सासूबाई एका बाजूला व मुलगे दुसऱ्या बाजूला अशा दोन फळ्या झाल्या होत्या.

शेवटची तीन प्रकरणे उरली असताना काकांच्या दातांनी मान टाकली. हिरड्या सुजल्या, उरलेसुरले दात हलू लागले. दंतवैद्यांनी सगळे काढायचे ठरवले. या कादंबरीपायी काकांनी तारीख दोनदा पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा त्यांच्या लेकीने वैद्यांशी परस्पर बोलून सोमवारची सकाळ पक्की केली आणि बापाला बजावले की आता देवाने सांगितले तरी दिवस बदलणार नाही.

वाचकांना दात आणि कादंबरी यांचा संबंध कदाचित स्पष्ट नसेल. दंत्य वर्णांना दंत्य म्हणतात ते उगाच नव्हे. दात गेले की 'त' आणि 'द' यांचा पायाच जातो. 'स' आणि 'च' वाऱ्यावर जातात. कवळी बसायला हिरड्या भराव्या लागतात, त्यात महिने जातात, आणि बसल्यावरही आवाज पूर्वीचा राहील याची हमी कोणी देत नाही. आमच्याकडे नियम असा, की एक पुस्तक एकाच आवाजात व्हायला हवे. तसे न झाले तर दुसऱ्या वाचकाकडून ते पहिल्या पानापासून करून घ्यायचे. म्हणजे सोमवारच्या आत ती तीन प्रकरणे झाली नाहीत, तर काकांचे इतक्या महिन्यांचे वाचन कपाटात जाणार होते. काका हे हसत हसत सांगत. पण शुक्रवारी वाचनाला बसण्यापूर्वी ते मला हळू आवाजात म्हणाले, "सर, आयुष्यभर गाड्या सोडल्या हो, एकीतही बसलो नाही. ही एक तरी मुक्कामाला पोचू दे."

त्याच दुपारी, पहिले प्रकरण संपवून दुसरे सुरू करता करता, यंत्र थांबले. तळघर तुडुंब भरले होते. ध्वनिमुद्रणाच्या बिऱ्हाडाबरोबर हिशेबाची आणि सूचीची बिऱ्हाडेही जागच्या जागी गोठली.

वहिनी थेट साहेबांच्या दालनात गेल्या. काका, ध्वनिमुद्रक आणि मी मागोमाग. साहेबांनी अध्यक्षांची अडचण सांगायला सुरुवात केली. मी बोलण्यासाठी घसा साफ केला, आणि ते ऐकून वहिनींनी घाईने स्वतःच बोलून टाकले.

"साहेब, अध्यक्षांचा फोटो सावकाश काढू. खोकी रिकामी असली तरी बाहेरून तश्शीच दिसतात."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि कपाटाची किल्ली दिली. माझ्या इतक्या वर्षांच्या युक्तिवादांना जे जमले नाही, ते या एका वाक्याने झाले, यातून संस्थेच्या कारभाराविषयी जे निघायचे ते निघते.

शनिवारी सकाळी वहिनी कामाला लागल्या. त्यांची थंड खोली आणि वाचनाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि थंड खोलीच्या दाराची बिजागरी करकरते. त्यामुळे वाचनाच्या खोलीबाहेरचा लाल दिवा लागला असेल तोवर ते दार उघडायचे नाही, आतल्याने बाहेर यायचे नाही, बाहेरच्याने आत जायचे नाही, असा शिरस्ता आहे. (बिजागरीला तेल घालावे, अशी माझी सूचना प्रलंबित आहे.) त्या सकाळी दिवा विझलेला होता. वहिनींनी यंत्राच्या पुढल्या बाजूच्या रिकाम्या खणांवरची प्लास्टिकची झाकणे काढली आणि एकेक डिस्क आत सरकवली. नीट बसली की 'खट्' असा आवाज येई आणि तिच्या कडेचा बारीक दिवा आधी पिवळा, मग हिरवा होई. एक डिस्क पिवळ्यावरच अडून बसली. वहिनींनी ती बाहेर काढली, पदराच्या टोकाने पुसावी तशी स्वेटरच्या बाहीने पुसली, "नखरे पुरेत" म्हणाल्या आणि पुन्हा घातली. ती हिरवी झाली. बाहीचा गुण की बोलण्याचा, हे मी विचारले नाही.

मग त्यांनी नव्या डिस्कांचा गट बांधला; त्यातली एखादी डिस्क गेली तरी आतले सामान वाचावे, अशी त्यात सोय असते. तो गट जुन्या तळघराला जोडला. पडद्यावरची लाल पट्टी झपाट्याने आखडून हिरवी झाली. गोठलेली बिऱ्हाडे हलू लागली. वहिनी कानटोपी हातात घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आल्या आणि म्हणाल्या की आता काकांनी हवे तर बसस्थानकाचे अख्खे वेळापत्रक वाचावे.

काका बसले. लेक गरम पाण्याचा थर्मास घेऊन माझ्या खुर्चीत बसली, आणि तिने लगेच विचारले की ही खुर्ची अशी का. मी तिला सविस्तर सांगितले.

दुसरे प्रकरण मोठे होते. वादळाची रात्र, दोघे भाऊ, विझलेला दिवा. काका गाल धरून वाचत होते, पण आवाजात गालाचा पत्ता नव्हता. प्रकरण संपायला दोन पाने उरली असताना ध्वनिमुद्रकाच्या पडद्यावर पुन्हा तीच सूचना आली: जागा नाही. त्या सत्रात टिपलेले सारे गेले, कारण सत्र नीट बंद झाल्याशिवाय आमचा कार्यक्रम काहीच जपून ठेवत नाही.

वहिनींना बोलावले. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि टोपी डोक्यावरून काढली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "इमारतीचं तळघर वाढवलं, आणि भावोजींच्या बिऱ्हाडाची भिंत सरकवायची राहून गेली. मोठा आकडा हिरवा झाला आणि मी हुरळले. लहान आकडा बघितलाच नाही."

म्हणजे तळघरात मैदानभर जागा होती, पण या बिऱ्हाडाला नेमून दिलेला त्यातला वाटा केव्हाच संपला होता. कोणी त्यांना बोलले नाही. मीसुद्धा नाही. काका मात्र गरम पाण्याची चूळ भरून म्हणाले, "पोरी, गाडी चुकीच्या फलाटावर लागली, एवढंच ना? मी रोज लावायचो." वहिनी हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते आणि तो थंडीचा परिणाम नव्हता. काकांचा डावा गाल सकाळपेक्षा फुगला होता. लेक घड्याळाकडे न पाहता बापाच्या गालाकडेच पाहत होती.

भिंत सरकवणे हे एरवी मिनिटांचे काम. परंतु ती मोहोरबंद खोकी भिंतीला टेकून रचलेली होती, आणि ती असेपर्यंत यंत्र भिंतीला हात लावू देत नाही. खोकी मोडून सामान मूळ जागी लावायचे, तर इतक्या वर्षांचा ढिगारा. त्याला दिवस-दीड दिवस लागणार, आणि तोवर ते बिऱ्हाड बंद ठेवलेले बरे. म्हणजे सोमवार उजाडणार. ध्वनिमुद्रकाने बाहेरगावी मुद्रणासाठी नेतो त्या फिरत्या यंत्राची आठवण काढली; ते दुरुस्तीला गेले होते. दुसऱ्या एखाद्या जागी टिपून घ्यावे, तर आमचा मुद्रणाचा कार्यक्रम जुना, तो लिहिणारी कंपनी नामशेष झालेली, आणि तो आपल्या ठरलेल्या फोल्डरखेरीज कुठेही एक अक्षर लिहीत नाही.

तेव्हा संचालकसाहेबांनी, माझ्या कानांवर माझाच विश्वास बसू नये असे वाक्य उच्चारले. ते म्हणाले, "मग जुने चुकलेले आवाज पुसा. माझी परवानगी आहे."

हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता, हे मला नमूद केले पाहिजे. इतकी वर्षे मी जे मागत होतो, ते आज समोर होते. ध्वनिमुद्रकाने चुकलेल्या आवाजांची यादी उघडली, आणि आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो. त्याने प्रत्येक संचाला सोयीसाठी नावे दिली होती. एकाचे नाव 'बघू', दुसऱ्याचे 'हे नको', तिसऱ्याचे 'हे नको पण असू दे', आणि सर्वांत मोठ्याचे 'आधीच्यातलं चांगलं'.

"भावोजी," वहिनींनी अत्यंत शांतपणे विचारले, "ह्यातलं खरंच नको असलेलं कुठलं?"

"ते ऐकल्याशिवाय कसं सांगू?" तो म्हणाला. "'हे नको' मधून मी कितीदा एखादा शब्द उचलून चांगल्यात जोडलाय. सरांनी चूक काढली की तिथूनच आणतो."

सगळे ऐकून निवडायचे तर आठवडे हवेत, आणि न ऐकता पुसायचे तर मी तपासलेल्या पुस्तकांचे सुटे भाग त्यातच पडलेले. साहेबांचा चेहरा मात्र थोडा सावरला.

वहिनी ध्वनिमुद्रकाच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. त्यांनी विचारले की कार्यक्रमाला नेमके काय लागते. त्याने सांगितले, फोल्डर त्याच नावाचा, त्याच ठिकाणी. मग त्यांनी विचारले की त्या फोल्डरच्या दाराआडची खोली कुठल्या भिंतीत आहे, हे कार्यक्रम तपासतो का. तो म्हणाला, कशाला तपासेल.

"मग भिंत राहू दे तिथंच," वहिनी म्हणाल्या. "मागच्या अंगाला नवी खोली बांधते आणि ह्या दारातून आत सोडते."

जुनी खोली वाढवायला खोक्यांची हरकत होती. त्या बिऱ्हाडाला आणखी एक कोरी डिस्क नव्याने नेमून द्यायला नव्हती. वहिनींनी तळघरातल्या नव्या जागेतून एक वाटा कापला, तो बिऱ्हाडाला दुसरी डिस्क म्हणून दिला, आणि कार्यक्रमाच्या आवडत्या फोल्डरच्या जागी त्याच नावाने ती जोडली. आधीचे सामान शेजारी सुखरूप ठेवले. कार्यक्रमाला वाटणार की आपण रोजच्याच घरात लिहितो आहोत. प्रत्यक्षात पाऊल टाकताच तो मोकळ्या मैदानात जाणार होता.

या वेळी त्यांनी एकाही हिरव्या आकड्यावर भरवसा ठेवला नाही. काकांना म्हणाल्या, काहीतरी बोला. काकांनी सवयीने सुरुवात केली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," आणि निघण्याच्या तयारीत असलेली एक संपूर्ण गाडी तिच्या थांब्यांसह सांगितली. साहेबांच्या दालनातला एक पाहुणा खरोखरच दाराबाहेर डोकावला. वहिनींनी ते सत्र बंद केले, ती घोषणा नव्या डिस्कवर कुठे पडली हे शोधले, ती पुन्हा वाजवून ऐकली, दोन्ही आकडे पाहिले, आणि मग म्हणाल्या, "हं. वाचा आता."

दुसरे प्रकरण काकांनी त्या संध्याकाळी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मी कर्तव्य म्हणून दोन्ही वाचनांची मनात तुलना करत होतो. दुसऱ्या खेपेला वादळ अधिक चांगले झाले. दुखण्याचा कलेला उपयोग होतो, असा सिद्धान्त यातून कोणी काढू नये. काकांची लेक तेव्हा दाराशी उभी राहून ओठ चावत होती.

शेवटचे प्रकरण रविवारी सकाळचे. वहिनी आकड्यांवर लक्ष ठेवायला म्हणून आधीच थंड खोलीत जाऊन बसल्या आणि मागोमाग लाल दिवा लागला. काकांची लय अशी लागली की त्यांनी मध्ये थांबायचे नावच घेतले नाही. ध्वनिमुद्रकाला वहिनींची आठवण होती, पण ती लय मोडायची त्याची छाती झाली नाही. मी बाहेर बसून ऐकत होतो. शेवटचा 'स' उच्चारला गेला, तो स्वच्छ होता.

दिवा विझला तेव्हा करकरत दार उघडले आणि वहिनी बाहेर आल्या. नाक लाल, बोटे निळसर, दोन्ही हात काखेत.

"संपलं?" त्यांनी विचारले.

"पोचली गाडी," काका म्हणाले.

"मग आधी चहा द्या मला कुणीतरी, नाहीतर माझीच डिस्क बसायची."

चहा मी आणला. हे लिहायचे कारण एवढेच, की संस्थेतल्या चहाच्या यंत्रातून रविवारी चहा मिळवणे ही सोपी गोष्ट नाही.

सोमवारी काकांचे दात निघाले. त्याच दिवशी वहिनींनी साहेबांच्या संमतीने ती खोकी मोडायला घेतली. आतले सामान न हरवता मूळ जागी लागले आणि भिंतही यथावकाश सरकली. माझ्याकडे शेवटचे प्रकरण तपासायला आले. प्रत्येक पुस्तकाच्या अखेरीस वाचक श्रेय वाचतो: लेखन, वाचन, ध्वनिमुद्रण, उच्चार-तपासणी, निर्मिती. मजकूर छापील असतो. काकांनी तो वाचला आणि न थांबता, त्याच सुरात, पुढे म्हणाले, "आणि या पुस्तकाला जागा करून दिली, ती आमच्या वहिनींनी."

साहेबांचे म्हणणे पडले की हे वाक्य संहितेत नाही आणि कर्मचाऱ्याचा असा घरगुती उल्लेख औपचारिक निर्मितीत शोभत नाही. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर होते. संहितेबाहेरचा शब्द काढायला लावणे हे तर माझेच काम. मी ते वाक्य पुष्कळदा ऐकले. सारे दंत्य वर्ण जागच्या जागी होते. या संस्थेत ज्याचे काम दिसते त्याचे नाव लागते आणि ज्याच्या जोरावर ते उभे असते त्याला हजेरीपटावर शोधावे लागते, ही माझी सर्वांत जुनी तक्रार आहे. मी शेऱ्यात लिहिले: उच्चार निर्दोष, दुरुस्ती नाही. साहेबांनी तो शेरा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

आधीची दोन प्रकरणे जाऊन शेवटच्या प्रकरणाचा आठवडा आला आणि ते श्रोत्यांकडे गेले. वहिनींच्या घरी ते सगळ्यांनी एकत्र ऐकले, हे मला ध्वनिमुद्रकाने सांगितले. धाकट्या भावाने दिवा मुद्दाम विझवला नव्हता, हे सिद्ध झाल्यावर सासूबाई मुलांना उद्देशून बरेच काही बोलल्या. मग श्रेय सुरू झाले आणि ते वाक्य आले. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"जागा करून दिली म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "इथं माझ्या पलंगाखालचं आवरायला सांगतेय कधीची, ते होत नाही."

आणि मुलाकडे तोंड वळवून म्हणाल्या, "लाव रे ते परत. शेवटचं वाक्य तेवढं."